सल्ला हवाय: इंजिनिअरिंग कॉलेजची जुनी इमारत नव्याने करायचीय, सुरुवात कुठून करावी?

धागाकर्ता (धाराशिव):
नमस्कार मंडळी. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. आमचं कॉलेज त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतलं, इमारत तीन मजली आरसीसी. संस्थेने नूतनीकरणाला पैसे मंजूर केलेत. प्रस्ताव असा: पश्चिमेला दर्शनी काच, वर्कशॉप निम्मं करून कॉम्प्युटर लॅब आणि सिव्हिलची टेस्टिंग लॅब दुसऱ्या मजल्यावर. समितीत मीही आहे आणि मला हे पटत नाही. बैठकीत काय मांडू? आर्किटेक्ट कसा निवडावा?

स्ट्रक्चरल इंजिनिअर, लातूर:
सर, आर्किटेक्टच्या आधी स्ट्रक्चरल ऑडिट. तुमची इमारत किल्लारीच्या भूकंपाआधीची आहे. ३० सप्टेंबर १९९३ पर्यंत किल्लारीचा भाग भूकंपाच्या नकाशावर झोन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा होता. नंतर तो झोन तीनमध्ये गेला. त्या काळच्या डिझाइनमध्ये भूकंपाचा भार कितपत धरला असेल, हे जुने ड्रॉइंग काढून तपासायलाच हवं. काँक्रीट किती मजबूत आहे ते न फोडता रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणीने बघा आणि शंका येईल तिथं कोअर, म्हणजे ड्रिलने काँक्रीटचा गोल नमुना, काढून बघा. मूल्यमापन आयएस १५९८८ (जुन्या आरसीसी इमारतींच्या भूकंप-तपासणीचं भारतीय मानक) प्रमाणे करून घ्या. कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे भोवती सळई-काँक्रीटचा नवा थर, लागलं तर नवी फरशी, नवं प्लास्टर सगळं पुन्हा फोडावं लागेल, म्हणून हा क्रम सोडू नका.

टेस्टिंग लॅब वर नेऊ नका. वर्गखोलीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला ३०० किलो भार धरून केलेला असतो. युटीएमचं (नमुने ओढून-दाबून तोडून बघायच्या मशीनचं) वजन मोजक्या जागी येतं, शिवाय नमुना तुटताना हादरा बसतो. ते मशीन तळमजल्यावर स्वतःच्या फाउंडेशनवरच बरं. आणि वर्कशॉप मोठं दिसावं म्हणून तळमजल्याच्या भिंती पाडायचं कुणी सुचवलं तर आधी हिशेब मागा. विटांच्या त्या भिंती भूकंपात मजल्याला आधार देतात. सगळ्या काढल्या तर खालचा मजला वरच्यांपेक्षा कमजोर पडतो.

अजून एक. जमीन काळी असेल तर भेगा बुजवण्याआधी जोत्याभोवतीचं पाणी कुठं मुरतं ते शोधा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. गळकी पाइपलाइन तशीच ठेवून वरून पुट्टी भरली तर भेग परत येणार.

आर्किटेक्ट, छत्रपती संभाजीनगर:
पश्चिमेची काच नको. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळीशी ओलांडतो, वीज गेली की त्या खोलीत बसवणार नाही. त्या बाजूला जिना, टॉयलेट, स्टोअर ठेवा. ड्रॉइंग हॉल उत्तरेला. खिडक्यांवर खोल छज्जे, गच्चीवर कोबा दुरुस्त करून पांढरी चायना मोझॅक. केबल आणि पाइप भिंतीत गाडू नका, उघड्या ट्रेमधून न्या. लॅब बदलली तरी फोडाफोड होत नाही आणि इमारतीत वीज-पाणी कसं फिरतं ते मुलांना रोज दिसतं. आर्किटेक्ट निवडताना त्यांनी केलेली एखादी चालू लॅब बघून या, नुसत्या थ्रीडी चित्रांवर जाऊ नका.

वर्कशॉप निदेशक, नांदेड:
वर्कशॉप कमी करू देऊ नका, हात जोडून सांगतो. लॅपटॉप कुठंही उघडता येतो, लेथ येत नाही. बाहासारख्या (विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवायच्या) स्पर्धेची गाडी बांधणाऱ्या मुलांना रात्री उघडी राहणारी जागा, रुंद शटर, थ्री-फेज आणि चेन पुली लागते. मुलींचं टॉयलेट वर्कशॉपला लागून हवं. बऱ्याच ठिकाणी ते दोन इमारती पलीकडे असतं, आणि त्यामुळे मुली तिथं थांबायलाच कचरतात. नकाशा पक्का करण्याआधी लॅब असिस्टंट लोकांना बसवून विचारा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. ऑडिटचा ठराव पहिल्यांदा ठेवतो. लातूरचे सर, जुने ड्रॉइंग सापडत नाहीत. सळई कुठं, किती आहे ते न फोडता कळेल का?

स्ट्रक्चरल इंजिनिअर, लातूर:
हो, रीबार लोकेटरने (सळई शोधायच्या यंत्राने) जागा आणि कव्हर, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटची जाडी, कळतं. व्यासाचा मात्र अंदाजच येतो, तो पक्का करायला दोन-चार कॉलमवर थोडं कव्हर फोडून मोजा. सुट्टीत करा.