पुणे की हैदराबाद? आधी ऑफिसचा पत्ता विचारा

सोलापूरहून नोकरीसाठी बाहेर पडताना नुसत्या पगाराच्या आकड्यावर पुणे की हैदराबाद हे ठरवू नका. ऑफिस हिंजवडीत आणि खोली हडपसरला (सोलापूरची गाडी तिथूनच जाते म्हणून!) घेतली, तर रोज अख्खं शहर ओलांडावं लागतं. हैदराबादेत ऑफिस हायटेक सिटी या आयटी कंपन्यांच्या भागात असेल तर मेट्रोच्या निळ्या मार्गालगत खोली बघा. लाल मार्गावरून येणाऱ्याला अमीरपेटला गाडी बदलावी लागते. पुण्यात 11 महिन्यांचा भाडेकरार नोंदवूनच घ्या. नोंदणी करणं ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी, नोटरीवर भागत नाही. अंतराचं म्हणाल तर सोलापूरहून पुणे साधारण 250 किलोमीटर, हैदराबाद 300. फार फरक नाही. आणि भाषेची धास्ती कसली? आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्यांना तेलुगू वेगळी शिकवायला नको.