हिसडणे : हिसका, झटका आणि हिसडा

'हिसडणे' म्हणजे नुसतं 'ओढणे' का, असा प्रश्न आलाय. मला तसं वाटत नाही. ओढताना जोर लावत राहावं लागतं, हिसडणं एका दमात होतं. शिवाय हिसडायला कुणीतरी धरलेलं किंवा कशाला तरी बांधलेलं असावं लागतं. मोकळं वासरू हुंदडतं, उधळतं. दाव्याचं वासरू हिसडे देतं.

लातूर-नांदेडकडे हा शब्द गोठ्यातला. "बैल लई हिसडायलाय, कासरा मनगटाला गुंडाळू नको." (पुण्याकडच्यांसाठी: 'हिसडायलाय' म्हणजे 'हिसडतो आहे'.) सांगणं खरंच आहे, गुंडाळलेला कासरा हिसड्यासरशी सुटत नाही आणि माणूस फरफटत जातो. देवणी किंवा लाल कंधारी बैलाची मान ज्यांनी माळेगावच्या जत्रेत जवळून पाहिलीय त्यांना हे समजावायला नको. तरी 'मान हिसडली' आणि 'हिसडा मारला' यांत फरक आहेच. गोमाशी बसली तरी जनावर मान हिसडतं. हिसडा मारतं ते सुटायचं मनात धरून.

माणसांतही तेच. बाजारात आईनं धरलेला हात पोरगं हिसडून पळतं. भांडणात "ती हात हिसडून निघून गेली" म्हटलं की राग दिसतो. तिथं 'हात झटकून' लिहा, लगेच जबाबदारी टाळल्याचा वास येतो.

'हिसका' जवळचा, पण हिसकावून घेतलेली वस्तू आपल्या हाती येते. हिसड्यानं बहुधा आपण सुटतो. धमकी द्यायची तर 'हिसका दाखवतो'च म्हणायचं, 'हिसडा दाखवतो' कुणी म्हणत नाही. झटका विजेचा, गचका एसटीचा, आचके शेवटच्या घटकेचे.

"गाडीत हिसडे बसले" हे कसं, असं कुणी विचारेल. पावसाळ्यात काळ्या रानात चाक रुततं, बैल नेट लावतात आणि चाक एकदम सुटतं. बसणाऱ्याची कंबर जाते. म्हणजे अडकणं इथंही आलंच.

माझ्या नियमाला खरा छेद देतात ती वर्तमानपत्रं: 'हिसडा मारून मंगळसूत्र लांबवले'. वस्तू चोराच्या हाती गेली, म्हणजे 'हिसका' हवा होता. पण दागिना गळ्यात अडकलेला असतो आणि तुटून येतो, म्हणून मी तरी ते वाक्य दुरुस्त करणार नाही.