घरच्या घरी कपड्यांची डागडुजी : आपापले अनुभव लिहा

लोकमान्यनगर, इंदूर

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे इंदुरातल्या रंगाच्या मिरवणुकीत, घालण्यासाठी जुने कपडे काढत होते, तेव्हा तळाशी वडिलांचा एक पांढरा सुती झब्बा सापडला. त्याच्या उजव्या कोपरावर आजीने लावलेले ठिगळ आहे. उजेडात धरून पाहिल्याशिवाय ते दिसत नाही. आत उलटून पाहिल्यावर लक्षात आले, की ठिगळाचे कापड तिने त्याच झब्ब्याच्या खिशाच्या आतल्या पदरातून काढले आहे आणि खिशाला दुसऱ्याच कापडाचा पदर लावून दिला आहे. खिशाचे कापड झब्ब्याइतकेच धुतलेले आणि आटायचे तेवढे आटून गेलेले होते, त्यामुळे रंगही जुळला आणि पुढच्या धुण्यात ठिगळ आकसून भोवती चुण्या पडल्या नाहीत. ठिगळाचे चारही कोपरे गोल आहेत, कारण टोकदार कोपरा वापरताना आधी उचलला जातो. कापडाचा उभा धागा बाहीच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवला आहे. फाटलेल्या जागेच्या कडाही नुसत्या सोडलेल्या नाहीत, तर आतून दुमडून बारीक तुरपाईने बसवल्या आहेत. हा झब्बा मी रंगात नेणार नाही.

आजी कोणताही कपडा हाती घेतला की आधी शिवण उसवली आहे की कापडच विरले आहे, हे पाहत असे. शिवण उसवली असेल तर उसवलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना चांगल्या शिवणीत बोटभर आत जाऊन उलटी टीप घातली की काम झाले. कापड विरले असेल, तर तेवढ्यावर टाके घालून उपयोग होत नाही, कारण टाक्यांना धरायला भोवती धड कापडच नसते. तिथे मागून आधार द्यावाच लागतो. तिचा दुसरा कटाक्ष असा, की फाटलेला कपडा दुरुस्त केल्याशिवाय भिजवायचा नाही, कारण पिळताना आणि आपटताना वीतभर फाटायला वेळ लागत नाही.

हे सारे पाहून पाहून शिकण्याचे ज्ञान आहे आणि ते लिहून ठेवलेले फारसे आढळत नाही. म्हणून विनंती अशी, की आपण कोणता कपडा, कोणत्या धाग्याने, कोणत्या टाक्याने दुरुस्त केला आणि तो पुढे कसा टिकला, हे सविस्तर लिहावे.

सुदामानगर, इंदूर

फार चांगला विषय काढलात, ताई. माझा अनुभव महेश्वरी साडीचा आहे. जोडवी अडकून काठाच्या वर साडी फाटणे हा आपल्याकडच्या बायकांचा नेहमीचा त्रास आहे. सर्रास मिळणाऱ्या महेश्वरीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो, त्यामुळे एकाच प्रकारच्या दोऱ्याने रफू केले, तर एका दिशेची चमक जुळते आणि दुसरीची जुळत नाही. मी ब्लाउजपीसची उरलेली चिंधी नेहमी जपून ठेवते, कारण तिच्या कडा उसवल्या की दोन्ही जातींचे धागे त्याच रंगात मिळतात. आधी फाटलेल्या जागेच्या मागे मऊ मलमलीचा तुकडा टाचून घ्यायचा, मग बारीक सुईने उभे धागे भरायचे आणि नंतर आडवे धागे एकाखालून एकावरून विणत न्यायचे. सुरुवात फाटलेल्या जागेच्या काठावरून न करता, भोवतीच्या चांगल्या कापडात अर्धे पेर आतून करावी. धागा ओढून ताणू नये, नाहीतर जागा गोळा होते.

फॉलबद्दलही सांगते. नवा सुती फॉल रात्रभर भिजवून, वाळवून आणि इस्त्री करूनच लावावा. तसाच लावला, तर पहिल्या धुण्यात फॉल आटतो, साडी आटत नाही आणि निऱ्यांच्या खाली घोळ गोळा होतो. तो घोळ इस्त्रीने जात नाही, फॉल उसवूनच पुन्हा लावावा लागतो.

लष्कर, ग्वाल्हेर

आमच्याकडे थंडी कडक पडते, त्यामुळे दुरुस्तीला येणारे कपडे मुख्यतः लोकरीचे असतात. दिवाळीनंतर पेटी उघडली की एखाद्या स्वेटरला कसर लागलेली दिसतेच. छिद्र लहान असेपर्यंतच ते भरून काढावे, कारण विणलेल्या कपड्यात एक टाका सुटला की खालचे टाके शिडीसारखे सुटत जातात. सुटलेला टाका आधी सेफ्टी पिनमध्ये अडकवून ठेवावा आणि मग क्रोशाच्या सुईने एकेक आडवी पायरी उचलत वर आणावा.

कोपर किंवा मोज्याची टाच झिजली असेल, तर जाळी भरावी. माझी आई त्यासाठी आत जुना गेलेला बल्ब घालत असे, मी छोटी वाटी पालथी घालते. आधार गोल असला, की भरलेला भाग टाचेच्या आकाराचा होतो आणि टोचत नाही. उभ्या धाग्यांच्या रांगा घालताना प्रत्येक वळणावर किंचित सैल फास सोडावा, कारण भरलेली लोकर धुतल्यावर थोडी आटते. आडवे धागे भरताना गाठ कोठेही मारू नये. टोके चांगल्या भागात विणून लपवावीत, कारण मोज्यातली गाठ बुटात घट्ट टोचते.

कसर लागू नये म्हणून स्वेटर धुऊन, कडक उन्हात वाळवूनच ठेवावेत. अन्नाचा किंवा घामाचा डाग राहिलेल्या जागीच ती अळी आधी खाते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

रामबाग, इंदूर

बटणाचे काम सोपे समजून केले जाते, म्हणून थोडक्यात लिहितो. बटण आणि कापड यांच्यामध्ये आगकाडी ठेवून टाके घालावेत, मग काडी काढून त्या सैल टाक्यांभोवती दोऱ्याचे चार-पाच वेढे द्यावेत. त्यामुळे बटणाला बुडखा मिळतो, काजाचे कापड त्याखाली नीट बसते आणि बटण लावताना ओढ थेट कापडावर येत नाही. कोटाला बटण लावताना कापडाच्या आतल्या बाजूस एक लहान चपटे बटण ठेवून दोन्हींमधून टाके घ्यावेत, म्हणजे कापड फाटून बटण निघत नाही.

परदेशीपुरा, इंदूर

माझे वडील हुकुमचंद मिलमध्ये मागावर होते. 1991 मध्ये मिल बंद झाली, परंतु त्यांच्या हातातली सवय गेली नाही. मागावर धागा तुटला, तर तो जोडायला विणकरी गाठ मारतात, ती इतकी बारीक आणि चपटी असते की फणीतून सहज पार होते. घरात रफू करताना दोरा अपुरा पडला तर ते तीच गाठ मारत आणि नेहमीची जाड गाठ कापडाला घासून भोक पाडते, असे सांगत.

त्यांचे दुसरे सांगणे मला फार महत्त्वाचे वाटते. दुरुस्तीचा दोरा कापडापेक्षा मजबूत असू नये. विरलेल्या मलमलीवर किंवा जुन्या सुती कापडावर पॉलिएस्टरचा दोरा घातला, तर ताण आल्यावर दोरा तुटत नाही, कापड कापले जाते आणि पूर्वीपेक्षा मोठे भोक पडते. पातळ सुती कापडाला एकेरी सुती दोरा घालावा. ताण आला, तर दोरा तुटेल आणि तो पुन्हा घालता येईल.

जीन्सचे मात्र वेगळे आहे, तिथे पॉलिएस्टरचा दोराच चांगला. मांड्यांच्या आत कापड घासून पातळ होते, तेव्हा भोक पडण्याची वाट पाहू नये. उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसू लागले, की आतून जुन्या, धुतलेल्या जीन्सचा तुकडा लावावा. तो विरलेल्या जागेपेक्षा चारी बाजूंना दोन बोटे मोठा असावा आणि त्याची कड दुमडू नये, कारण दुमडलेली जाड कड चालताना कातडीला घासते. त्यावर मशीनने जवळजवळ टिपा मारत जावे.

सुदामानगर, इंदूर

दादा, जीन्ससाठी मशीनची सुई कोणती घ्यावी? माझ्याकडे नेहमीची 14 नंबरची आहे आणि ती जाड शिवणीवर टाके सोडते.

परदेशीपुरा, इंदूर

16 नंबरची लावावी, वहिनी. जिथे चार-पाच पदर एकत्र येतात, तिथे पाय न वापरता चाक हाताने फिरवावे, म्हणजे सुई वाकत नाही. पातळ ब्लाउजला उलट 11 नंबर लागतो. सुई बोथट झाली की कापडात शिरताना टकटक आवाज येतो, तेव्हा ती लगेच बदलावी.

रावपुरा, बडोदे

नवरात्र जवळ आले, की आमच्या घरात चणिया-चोळ्यांची दुरुस्ती सुरू होते. घेर मोठा आणि त्यावर भरतकामाचे वजन, त्यामुळे गरब्यात फिरताना सारा भार नेफ्यावर येतो आणि शिवण तिथेच सुटते. नुसती टीप मारून ती एक रात्रही टिकत नाही. मी नेफ्याच्या आतून कमरेभोवती सुती पट्टी फिरवते आणि घेराच्या चुण्या त्या पट्टीसकट शिवते, म्हणजे वजन पट्टी पेलते. नाडी एका बाजूने ओढली जाऊन आत जाऊ नये, म्हणून मागे बरोबर मध्यावर नेफ्यासकट तिच्यावर दोन-तीन घट्ट टाके घालते. हे सलवार आणि पायजम्यालाही करावे.

आभला, म्हणजे कापडावर शिवलेला छोटा आरसा, सैल झाला, तर तो गोंदाने चिकटवू नये. गोंदाचा डाग कापडावर उतरतो आणि धुतल्यावर आभला पुन्हा सुटतो. आरशावरून दोन उभे आणि दोन आडवे धागे ताणून चौकट करावी आणि मग त्या चौकटीला अडकवत गोल टाका घ्यावा. चौकट सैल राहिली तर वरचा टाका कितीही सुबक असला, तरी आरसा निसटतो.

माझ्या पणजोबांनी कलाभवनात रंगकाम शिकले होते. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये ती संस्था सुरू केली आणि तिथे रंगाचे व विणकामाचे शिक्षण हातांनी काम करत मिळे. पणजोबांपासून घरात एक शिस्त चालत आली आहे. लाल, काळा किंवा गडद निळा दोरा नवा असेल, तर तो ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहिल्याशिवाय कोणत्याही कपड्याला लावायचा नाही. रंग सुटत असेल तर दुरुस्तीपेक्षा नुकसान मोठे होते आणि ते भरून निघत नाही.

लोकमान्यनगर, इंदूर

रावपुऱ्याच्या ताईंनी दोऱ्याच्या रंगाची परीक्षा सांगितली, ती आमच्याकडे कोणी करत नव्हते. आजच करून पाहीन. परदेशीपुऱ्याच्या दादांनी लिहिलेले वाचून आजीने लावलेल्या ठिगळाचा दोरा पुन्हा पाहिला. तो एकेरी आणि सुतीच आहे.

नंदलालपुरा, इंदूर

नऊवारीला दंड घालण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई रोज नऊवारी नेसत. लुगडे बसण्याच्या आणि गुडघ्याच्या जागी आधी विरते, दोन्ही टोके मात्र धडधाकट राहतात. तेव्हा मधला विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडायचे. ही शिवण चपटी व्हायला हवी. एक कड अर्धे बोट बाहेर ठेवून दुसरीवर दुमडायची आणि दोन्ही बाजूंनी टीप घालायची, म्हणजे कच्ची कड कोठेही उघडी राहत नाही आणि बसताना टोचत नाही. दोन्ही काठ जुळवणे हे त्यातले सर्वांत कठीण काम आहे. सासूबाई काठ आधी टाचून घेत आणि मगच मधले कापड जोडायला घेत, कारण मधल्या कापडात थोडे कमी-जास्त झालेले खपते, काठ सरकलेला मात्र लांबून दिसतो. लांबी कमी झाल्यामुळे दंड घातलेले लुगडे सासूबाई घरातच नेसत आणि पुढे तेच गोधडीत जाई. आता आमच्याकडे नऊवारी रोज कोणी नेसत नाही, तरी हीच शिवण मी मध्ये विरलेल्या चादरींना घालते आणि त्या आणखी कितीतरी वर्षे चालतात. चादरीच्या बाबतीत मी मधोमध उभी कापून बाहेरच्या दोन चांगल्या कडा मध्ये आणते आणि विरलेला भाग कडांकडे नेऊन दुमडते.

विजयनगर, इंदूर

मुलांच्या गणवेशाच्या पँटी दर वर्षी आखूड होतात. खालची दुमड सोडली, तर जुन्या घडीची रेघ राहते. त्यावर काही उपाय आहे का?

रामबाग, इंदूर

पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून त्यात फडके भिजवावे, रेघेवर ठेवावे आणि वरून गरम इस्त्री फिरवावी. आधी आतल्या बाजूला रंगाची खात्री करून घ्यावी. घडीची खूण यामुळे बरीच जाते. परंतु बाहेरचे कापड उन्हाने फिके झाले असेल, तर आतला गडद पट्टा राहतोच आणि तो व्हिनेगरने जाणार नाही. तिथे त्याच रंगाची अरुंद पट्टी रेघेवर शिवून टाकावी.

लष्कर, ग्वाल्हेर

जॅकेटची चेन मागून उघडते, त्याबद्दलही कोणी लिहावे. दात सगळे शाबूत आहेत.

परदेशीपुरा, इंदूर

दात शाबूत असतील, तर दोष रनरचा आहे. वापरून त्याच्या मागच्या फटी रुंदावतात आणि दात एकमेकांत दाबले जात नाहीत. रनर अगदी खाली आणावा आणि त्याच्या मागच्या दोन्ही कडा पकडीने अगदी हलक्या दाबाव्यात. एकदा डावी, एकदा उजवी, असे करत दर वेळी चेन लावून पाहावी. धातू एकदम दाबला तर रनर मोडतो. चेन घट्ट चालत असेल, तर दातांवर मेणबत्ती घासावी. तरीही उघडत असेल, तर पूर्ण चेन बदलण्याआधी शिंप्याकडून फक्त त्याच मापाचा रनर बदलून घ्यावा. माप रनरच्या मागे कोरलेले असते.