मुलगा १८ पूर्ण, बँकेने खातं अडवलंय. तातडीने मदत हवी आहे

प्राजक्ता_म
नमस्कार. डोकं उठलंय म्हणून थोडक्यात लिहिते. मुलाचं बचत खातं तो चौथीत असताना काढलं, पालक म्हणून माझी सही चालायची. गेल्या महिन्यात तो १८ चा झाला आणि बँकेने खातं अडवलं. म्हणतात, तो सज्ञान झाला, आता तुमची सही चालणार नाही, कोर्टाची ऑर्डर आणा. त्याच्या आजोबांनी ठेवलेली एफडी पुढच्या महिन्यात पूर्ण होतेय, ती याच खात्यात येणार. शाळेनेही पत्र दिलंय की जूनपासून घेणार नाही. कोर्टात जावंच लागतं का? वकील साधारण किती घेतात? कोणी हे केलं असेल तर पटकन सांगा. 'धीर धरा' वगैरे नको, प्लीज.

खडूस_काका
बँक बरोबरच सांगतेय की. आमच्या चिरंजीवांच्या वेळी हेच झालं. पॅन, आधार घेऊन गेला, सही केली, अर्ध्या तासात खातं मोठ्या माणसाचं झालं. यात कोर्ट कुठून आलं?

प्राजक्ता_म
काका, जाऊन सही करता आली असती तर धागा कशाला काढला असता? मुलगा स्पेशल आहे.

मिलिंद_ना
ताई, स्पेशल म्हणजे नेमकं काय? ऑटिझम, सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, की ऐकू-दिसण्याचा प्रश्न? आणि जिल्हा कुठला? यावर सगळा रस्ता ठरतो. उगाच विचारत नाहीये.

प्राजक्ता_म
डाऊन सिंड्रोम. सातारा. दिव्यांग सर्टिफिकेट आहे, ७५ टक्के. आता सांगा.

मिलिंद_ना
मग कोर्ट नको, वकीलही नको. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे. त्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता एवढेच येतात. तुमचा मुलगा बौद्धिकमध्ये बसतो. प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. अर्ज 'फॉर्म ए'. सोबत मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, साक्षीदार. हे प्रमाणपत्र खात्यासाठी ग्राह्य धरा, असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच सगळ्या बँकांना कळवलंय. शाखेत कुणाला माहीत नसतं, त्या परिपत्रकाची प्रिंट घेऊन जा. मी माझ्या भावासाठी हे सगळं केलंय.

वैदेही_के
मिलिंदजी, जरा थांबा. सगळे एकदम पालकत्वाकडे का धावतात? मी अठरा वर्षांवरच्या मुलांबरोबर काम करते. प्राजक्ताताई, मुलगा नाव लिहितो का? पैसे म्हणजे काय हे त्याला किती कळतं? आधी हे सांगा.

प्राजक्ता_म
नाव लिहितो, पण दरवेळी वेगळं येतं. कधी मोठं, कधी रेघेच्या बाहेर. दुकानातून दूध-पाव आणतो. पाचशेची नोट आणि वीसची नोट यातलं मोठं कुठलं ते सांगतो, हिशोब नाही जमत. पण हे बँकेला कुठे सांगत बसू?

वैदेही_के
तिथेच सांगायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ म्हणतं की दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे. सही वेगवेगळी येते हे कारण होऊ शकत नाही. हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांची खाती साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन चालतातच ना? खातं त्याच्या नावावर, तुम्ही जोडीला, काढायची मर्यादा लहान, हे आधी मागून बघा. पालकत्व एकदा घेतलं की प्रत्येक कागदावर तुमची सही, आणि त्याला कुणी काही विचारतही नाही. माझ्याकडच्या एका मुलीला घरचे रोज शंभर रुपये देऊन दुकानात पाठवायचे. तिला एकच गोष्ट शिकवली होती, नोट दिली की हात पुढे धरून उभं राहायचं, सुटे हातात पडल्याशिवाय जागचं हलायचं नाही. किती परत यायला हवेत हे तिला सांगता यायचं नाही, पण दुकानदाराला फसवायची सोयच राहिली नाही. त्या मुलीला आज एटीएम वापरता येतं.

मिलिंद_ना
तत्त्व मान्य. काउंटरवर उभं राहिल्यावर काय होतं तेही बघा. मॅनेजर करार कायदा काढतो: ज्याला व्यवहार समजत नाही त्याचा करार वैध नाही. तुम्ही कलम १३ म्हणणार, तो 'वर विचारतो' म्हणणार, आणि एफडी तशीच पडून. भावाच्या वेळी आम्हीही आधी गोडीनेच बघितलं होतं.

वैदेही_के
'वर विचारतो' म्हटलं की लेखी मागा. लेखी नकार द्यायला कुणी तयार होत नाही. आणि त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे: ठराविक कामापुरतं, ठराविक काळापुरतं, त्याच्या इच्छेशी सल्लामसलत करून. ते कुणीच सुचवत नाही.

मिलिंद_ना
कारण ते मागायला नक्की कुठे जायचं हे आमच्या जिल्ह्यात तीन टेबलं फिरूनही कुणी सांगू शकलं नाही. कागदावर सुंदर आहे.

टॅक्सवाला
ताई, एक महत्त्वाचं. वडील पगारदार असतील तर आश्रित दिव्यांगासाठी आयकरात ८०डीडीची वजावट घेताय ना? ४० टक्के किंवा जास्तला ७५,०००, ८० टक्के किंवा जास्तला १,२५,०००. प्रत्यक्ष खर्च किती झाला हे बघत नाहीत, ठराविक वजावट आहे. फक्त जुन्या करपद्धतीत. तुमचे ७५ टक्के म्हणजे ७५,०००. आणखी पाच टक्के असते तर...

प्राजक्ता_म
पाच टक्के जास्त असते तर बरं झालं असतं असं म्हणताय का?

टॅक्सवाला
नाही हो, गैरसमज नको. फक्त आकडेवारी सांगितली.

साधना_ठाणे
ताई, बँकेचं होईल. मला तुमची जूनची ओळ वाचून पोटात गोळा आला. त्याने दिवसभर काय करायचं ते ठरलंय का? माझी मुलगी २७ ची आहे. शाळा संपल्यावर सहा महिने ती घरात टीव्हीसमोर होती. वजन वाढलं, बोलणं कमी झालं, रात्री जागायची. मग दिव्यांगांच्या कार्यशाळेत जागा मिळाली. तिथे दिवाळीच्या आधी पणत्या भरतात. तिला सहापर्यंत मोजता येत नाही, म्हणून बाईंनी पुठ्ठ्याला सहा गोल पाडून दिले. गोलात पणत्या ठेवायच्या, सगळे गोल भरले की तो पुठ्ठा खोक्यात सरकवायचा. सकाळपासून दुपारपर्यंत एक चूक नाही. पगार म्हणाल तर हातखर्चाएवढा, पण महिन्याच्या शेवटी पाकीट आपल्या हाताने घेते आणि बाबांना दाखवते. ही नावनोंदणी आत्ताच करा, जागा भरतात.

प्राजक्ता_म
साधनाताई, मी बँकेचं विचारलं होतं. पण ठीक. साताऱ्यात अशी कार्यशाळा आहे का?

साधना_ठाणे
साताऱ्याचं खात्रीने सांगू शकत नाही. समाजकल्याणला अनुदानित कार्यशाळांची यादी असते, तिथे विचारा. पुण्याला कामायनीची आहे, फार जुनी, १९६४ पासूनची संस्था. कोल्हापूरला चेतना आहे. पण रोज कुठे जायचं ते अंतर झेपायला हवं. नाहीतर आई रिक्षावाली होते आणि मुलगा फक्त सामान.

अभ्यासू_बाबा
कार्यशाळेच्या नादात शिक्षण सोडू नका. एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, मुक्त बेसिक शिक्षणाची ए, बी, सी पातळी करता येते, म्हणजे तिसरी, पाचवी, आठवी. आमच्या भाच्याने पुढे दहावीही काढली. विषय निवडायची मुभा आहे, एकदम सगळे द्यावे लागत नाहीत.

प्राजक्ता_म
भाच्याला काय होतं?

अभ्यासू_बाबा
डिस्लेक्सिया.

वैदेही_के
बाबा, मग ही तुलनाच होऊ शकत नाही.

अभ्यासू_बाबा
प्रयत्न करायला काय जातं? तुम्ही लोक आधीच हात टेकता.

खडूस_काका
माझं स्पष्ट मत सांगू? चांगलं वसतिगृह बघा. आपण काही कायमचे नाही. नाहीतर आमच्या गावात एकाचं लग्न लावलं, बायको गरीब घरची, सगळं सांभाळते. हलके घ्या.

साधना_ठाणे
हे हलकं कसं घ्यायचं काका? त्या मुलीने काय पाप केलं होतं? हिंदू विवाह कायद्यात संमती देण्याची क्षमता ही अट आहे, कलम ५ वाचा. आणि वसतिगृह म्हटलं की टाकून देणं असं नाही. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनीच एकत्र येऊन अशा मुलांसाठी 'घरकुल' हे वसतिगृह उभं केलंय. पण ते आईवडिलांनी आपण धडधाकट असताना, मुलाला थोडं थोडं राहायला पाठवून सवय लावून करायचं असतं. आमच्यापैकी कुणी आयसीयूत गेलं की मग धावाधाव नको.

कोकणकन्या
अवांतर: पुण्या-कोल्हापूरला जाणार असाल तर रेल्वेचं विसरू नका. बौद्धिक दिव्यांग आणि सोबतचा एक, दोघांनाही स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के सवलत. सेकंड एसीत ५०. कार्ड आधी काढून ठेवा.

मिलिंद_ना
धागा ट्रेनमध्ये बसला. प्राजक्ताताई, दोन प्रश्न राहिले. एफडी कुणाच्या नावावर आहे? आणि दिव्यांग प्रमाणपत्र कुठल्या वर्षी काढलेलं?

प्राजक्ता_म
एफडी मुलाच्या नावावर, पालक मी. सर्टिफिकेट तो दहा वर्षांचा असताना काढलं. का? लागतात तेवढे टक्के आहेत की त्यात.

मिलिंद_ना
म्हणूनच विचारलं. बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र पाच, दहा आणि अठराव्या वर्षी नवं करावं लागतं. अठराव्या वर्षी मिळतं ते कायमचं. आत्ता जुनं जोडलंत तर समितीच्या कार्यालयातून अर्ज परत येईल आणि तुमचे दोन महिने जातील. आधी सिव्हिल हॉस्पिटलची तारीख घ्या, युडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज टाका, तिथल्या मेडिकल बोर्डासमोर पुन्हा आयक्यू चाचणी होईल. जुने रिपोर्ट, जुनं कार्ड, आधार सोबत न्या. एफडीचे पैसे कुठे जात नाहीत. आपोआप नूतनीकरणाची सूचना दिलेली असेल तर पुढे चालेल. नसेल तर मुदतीनंतर बचत खात्याचा दर किंवा एफडीचा दर, यातला जो कमी तो मिळतो. थोडं नुकसान, आभाळ नाही कोसळणार.

प्राजक्ता_म
हे बँकेत कुणीच बोललं नाही. आणि आधारचं काय? पंधराव्या वर्षी ठसे द्यायला नेलं होतं, तो मशीनवर बोटं ठेवायलाच तयार नव्हता. तिथल्या मुलाने नंतर या म्हणून पाठवलं, ते तसंच राहिलंय.

वैदेही_के
तेही उरकून टाका, बँकेत केवायसीला अडेल. गर्दी नसलेल्या वेळेची अपॉइंटमेंट घ्या. घरी आठवडाभर काचेच्या थंड ताटलीवर बोटं ठेवायचा खेळ करा. डोळ्यांसाठी टॉर्चकडे बघून 'एक, दोन, तीन' म्हणेपर्यंत पापणी न हलवणं. ठसे अजिबात उमटत नसतील तर अपवादाची नोंद करायची सोय आहे, तिथल्या मुलाला ती मागावी लागते. आणि बोर्डाला जाण्यापूर्वी त्याला सांगून न्या की तुला प्रश्न विचारतील. उत्तरं तुम्ही द्यायची नाहीत.

प्राजक्ता_म
मी नाही दिली तर तो बोलतच नाही.

वैदेही_के
मोजून दहा सेकंद थांबा.

मिलिंद_ना
वैदेहीताई, आयक्यूच्या वेळी पालकांना आत कुठे बसू देतात? आमच्याकडे तरी नाही.

आणि ताई, पालकत्व मिळालं म्हणजे विषय संपला असं नाही, हेही आधीच सांगतो. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत मुलाच्या नावावरच्या सगळ्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशोब. एफडी त्यात येते. पावत्या एका फाइलमध्ये ठेवा.

प्राजक्ता_म
माझ्याच मुलाच्या पैशाचा हिशोब मी द्यायचा?

मिलिंद_ना
हो. ते पैसे तुमचे नाहीत म्हणूनच. उद्या तुमच्या जागी त्याचा चुलतभाऊ पालक झाला, तर हाच हिशोब तुम्हाला हवासा वाटेल.

साधना_ठाणे
+१. आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी फ्लॅट सरळ मुलाच्या नावावर केला, आता विकताही येत नाही की भाड्याने देताही येत नाही. वकिलाला विचारून ट्रस्ट करायचा असतो, पण तो वेगळा विषय.

प्राजक्ता_म
एवढं सगळं एका धाग्यात येईल असं वाटलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात सिव्हिलला जाते. वैदेहीताई, बँकेत ते जोडीच्या खात्याचं लेखी मागून बघते, नाही ऐकलं तर मग फॉर्म ए. मिलिंदभाऊ, एक राहिलं. फॉर्मवर वडिलांची सही लागते का? ते दुबईला आहेत.

मिलिंद_ना
हे आत्ता सांगताय? आईवडील दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. एकट्याने करायचा तर दुसऱ्याचा मृत्यू, घटस्फोट, कायदेशीर विभक्तपणा, सोडून जाणं किंवा शिक्षा, यापैकी कारण हवं. नोकरीनिमित्त दुबई त्यात बसत नाही. ते सुट्टीला कधी येणार?

प्राजक्ता_म
गणपतीत.

मिलिंद_ना
मग तोवर थांबू नका. फॉर्म कुरिअरने पाठवा, सही करून मागवा, सोबत त्यांच्या पासपोर्टची प्रत. आणि कलेक्टर ऑफिसला आधीच विचारून ठेवा, समितीसमोर दोघांना हजर राहावं लागतं का. लागत असेल तर गणपतीतलीच तारीख मागा.