गरिबीवरची बॉडी हॉरर कथा: लिहिणाऱ्यांनो, कशी जमवता?

शरीर बिघडतं, बदलतं, विकलं जातं अशा कथांमधून विषमतेबद्दल लिहिणाऱ्यांनी इथे लिहावं. कथा कशानं जमते, कुठे फसते, तेवढंच.

*

बिघाड कामातूनच यायला हवा, शापातून नको. १९व्या शतकात काडेपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेनं कामगारांचे जबडे सडत. सुरुवात साध्या दाढदुखीनं व्हायची. मग हिरडी सुजायची, गळू व्हायचं, पू थांबायचा नाही आणि शेवटी हाडच मरायचं. सुरक्षित तांबडा फॉस्फरस तेव्हाही मिळत होता, पण महाग पडायचा. पांढऱ्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार व्हायला १९०६ उजाडलं. नुसता जबडा दाखवलात तर वाचकाला किळस येईल. दोन फॉस्फरसच्या किमतींतला फरक कथेत आणलात तर संताप येईल.

*

घाई नको. पहिल्याच पानावर मांस गळायला लागलं की पुढे काही उरत नाही. आधी गैरसोय, मग रोजंदारी बुडू नये म्हणून लपवाछपवी, आणि मग मालकाची सोय. ही तिसरी पायरी बहुतेक कथांत राहूनच जाते. बोटं वितळून यंत्राच्या दांड्याला चिकटतात आणि मुकादम म्हणतो, "बरं झालं, आता हात निसटायचा नाही." इथे किंचाळी घालू नका, प्रसंग मोडतो.

*

रेडियमचा अभ्यास जरूर करा. अंधारात चमकणाऱ्या, किरणोत्सर्गी रेडियमच्या रंगानं घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली टोक यावं म्हणून ब्रश ओठांत धरत. शरीर रेडियमला कॅल्शियमसारखं वागवतं, म्हणून ते थेट हाडांत जाऊन बसतं. रसायनतज्ज्ञ मात्र शिशाच्या आडोशामागून काम करत. एकाच छपराखाली ओठ आणि शिसं! वेगळं भाष्य लिहायची गरजच नाही.

*

कॅमेरा फक्त गरिबाच्या अंगावर रोखलेला असेल तर ती कथा तमाशा होते. ज्याला फायदा होतो त्याचीही कातडी, नखं, श्वास तितक्याच जवळून लिहा.

अवयवविक्रीवर लिहिताना शस्त्रक्रिया नीट समजून घ्या. दात्याचं बहुधा डावं मूत्रपिंड काढतात, कारण त्या बाजूची शीर लांब असते आणि जोडायला सोपी जाते. उरलेलं मूत्रपिंड आकारानं वाढतं, जास्त काम ओढू लागतं. कल्पनेची झेप इथूनच घ्या: ते वाढतच राहतं, आणि दलाल पुन्हा दारात येतो.