कमी बजेटमधली शृंगारिक व्हॅम्पायर कॉमेडी : रक्त, सुळे, आरसा आणि मिठीचे प्रसंग

निशाचर_पटकथा :
पंधरा मिनिटांची शॉर्ट फिल्म लिहून तयार आहे. व्हॅम्पायर नायिका, तिच्यावर भाळलेला माणूस, एकच फ्लॅट आणि सहा जणांचं युनिट. शृंगार आहे, नग्नता नाही. चार ठिकाणी गाडं अडलंय. चाचणीत निळ्या प्रकाशात रक्त चक्क काळं दिसतं. सुळे लावले की नायिकेचे 'स' आणि 'श' फुसफुसतात, आणि विनोदाची वाक्यं नेमकी तिचीच आहेत. ती आरशात दिसत नाही हा गॅग (विनोदी युक्ती) महागड्या व्हीएफएक्सशिवाय, म्हणजे संगणकावरच्या दृश्यपरिणामांशिवाय करायचाय. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोघंही कलाकार नवीन आहेत, तेव्हा मिठी-चुंबनाचे प्रसंग त्यांना अवघड न वाटता कसे घ्यायचे? शिवाय प्रसंग बहुतेक रात्रीचे आहेत, ते कमी करता येतील का?

रंगपेटी :
रक्त काळं दिसण्याचा दोष रक्तात नाही, दिव्यात आहे. लाल रंगद्रव्य फक्त लाल प्रकाश परत फेकतं. आरजीबी एलईडी (लाल, हिरवा, निळा रंग मिसळणारा दिवा) पूर्ण निळ्यावर ठेवला की त्यात लाल नसतोच, मग रक्त काळंच दिसणार. दिवा पांढऱ्या मोडवर घ्या, 4500 केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगछटेचं माप) आसपास, आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता प्रकाश पांढरा धरायचा ते सेटिंग, 3200 ला बांधून टाका. चित्रात निळसर रात्र दिसेल आणि लाल रंगही टिकेल. मानेवर एखाद्या टेबललॅम्पचा उबदार प्रकाश पडू दिला तर आणखी चांगलं.

तोंडात जाणारं रक्त : 1 कप लिक्विड ग्लुकोज, पाव कप कोमट पाणी, 1 छोटा चमचा कोको पावडर, 1 मोठा चमचा खाण्याचा लाल द्रव रंग, निळ्या रंगाचे 2 थेंब. कोको आधी पाण्यात घोटून घ्या, थेट ग्लुकोजमध्ये टाकला तर गुठळ्या राहतात. कोकोमुळे रक्त अपारदर्शक होतं, नाहीतर क्लोजअपमध्ये सरबत वाटतं. रंगांची तीव्रता बाटलीगणिक बदलते, म्हणून अर्धाच रंग घालून कॅमेऱ्यावर बघा आणि मग वाढवा. रोज ताजं करा, उरलेलं टाकून द्या.

कपड्यांसाठीच्या रक्तात थोडं भांड्यांचं लिक्विड घातलं तर डाग जरा सहज निघतात, पण ती बाटली वेगळी ठेवा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात 'तोंडात नाही' असं लिहा. या दोन बाटल्यांची अदलाबदल ही सेटवर सहज होणारी चूक आहे. सुती कपड्यावरचा लाल डाग तरीही पूर्ण जाईलच असं नाही. त्यामुळे आधी सगळे स्वच्छ शॉट घ्या, रक्ताचे शेवटी, आणि त्या शर्टाच्या निदान तीन प्रती ठेवा. मानेला व्हॅसलीन चोपडू नका. रक्त थेंबाथेंबाने घसरतं, ओघळ धरत नाही. आदल्या दिवशी मनगटावर रंग लावून त्वचेला चालतो का तेही पाहा.

साचेकार :
'स' बिघडतो तो सुळ्याच्या लांबीमुळे क्वचितच. दाताच्या आतल्या बाजूला जो जाड थर बसतो, तो जिभेची जागा खातो. दोन सुळ्यांना जोडणारी पट्टी असेल तर अजूनच वाईट. फक्त दोन स्वतंत्र टोप्या करा आणि आतली बाजू 1 मिलिमीटरपेक्षा पातळ घासा. टोपी खालच्या दातांवर टेकत असेल तर जबडा पूर्ण मिटत नाही, तेही तपासा.

स्वस्तातला मार्ग म्हणजे थर्मोप्लास्टिकचे मणी. साधारण 60 अंशांच्या पाण्यात ते पारदर्शक होऊन मऊ पडतात. बाहेर काढून, बोटाला सोसवेल इतके निवले की दातावर दाबा. अर्ध्या मिनिटात एकदा काढून परत बसवा. तसाच कडक होऊ दिला तर दाताच्या खोबणीत अडकतो. जास्त नेमकं हवं असेल तर अल्जिनेटने (दातांचा साचा घ्यायची पावडर) दातांचा ठसा घ्या, पण त्यात प्लास्टर लगेच ओता, कारण अल्जिनेट सुकताना आकसतं. चिकटवायला डेन्चर ॲडहेसिव्ह, म्हणजे कवळी चिकटवायची पेस्ट. सुपरग्लू कधीही नाही.

संवादासाठी दाताखाली 4 मिलिमीटर येणारा जोड आणि फक्त हसण्याच्या शॉटसाठी 8 मिलिमीटरचा, असे दोन करा. त्याहून उत्तम उपाय पटकथेत आहे. इच्छा अनावर झाली की सुळे आपोआप बाहेर येतात, असा नियम ठेवा. मग बहुतेक संवाद सुळ्यांशिवाय होतील, आणि ऐन मिठीत तिला ओठ घट्ट मिटून उत्तरं द्यावी लागतील. शृंगार आणि विनोद एकाच क्षणी मिळतात.

लॉकऑफ :
आरशाचा गॅग स्प्लिट स्क्रीनने करा, म्हणजे दोन टेकचे भाग एकाच चित्रात जोडा. ट्रायपॉड वाळूच्या पिशव्यांनी बांधा. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. पहिल्या टेकला दोघं, दुसऱ्याला नायक एकटा, त्याच लयीत. एडिटमध्ये आरशाच्या आतला भाग दुसऱ्या टेकमधून घ्या. आरशाची चौकटच मास्कची (एडिटमध्ये कापलेल्या भागाची) कड होते. नायक चौकटीची कड ओलांडता कामा नये. नायिकेची सावली आरशातल्या भिंतीवर पडत असेल तर दोन्ही टेक जुळत नाहीत, म्हणून तिचा दिवा बाजूने लावा.

रात्रीबद्दल : उन्हात राख होण्याचा नियम पाळायलाच हवा असं नाही. शेरिडन ले फानूची कार्मिला (1872) दुपारी उशिरा का होईना, दिवसाच खाली येते. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला (1897) दिवसा फिरतो, फक्त त्याची शक्ती घटते. सूर्यप्रकाशाने मृत्यू पडद्यावर आणला तो मुर्नाऊच्या 'नोस्फेराटू'ने, 1922 मध्ये. तेव्हा अर्धे प्रसंग बिनधास्त दुपारी न्या. उरलेल्या रात्रींसाठी खिडकीला बाहेरून काळं कापड लावा. आतून लावलं तर पडदे आणि काच दोन्ही मरतात.

ताल_आणि_तोल :
मिठीच्या प्रसंगांकडे नृत्यासारखं पाहा. हे मी अगदी आग्रहाने सांगते, कारण यात सुरक्षितता आणि विनोदाचं टायमिंग या दोन्ही गोष्टी एकदमच साधतात.

प्रसंग कागदावर फोडा : कोणाचा हात कुठे, किती वेळ, अंगावर कपडे कोणते, चुंबन आहे की फक्त जवळ येणं. दोघांनी तो शूटच्या निदान दोन दिवस आधी, सेटबाहेर, निवांत वाचावा. होकार फक्त लिहिलेल्याला असतो, आणि तो टेकच्या मध्येही मागे घेता येतो. त्यासाठी पर्यायी शॉट तयार ठेवा, उदाहरणार्थ सावली, हात किंवा दाराआडून आवाज. इंटिमसी को-ऑर्डिनेटर (जवळिकीचे प्रसंग सुरक्षितपणे बसवणारी व्यक्ती) परवडत नसेल तर दिग्दर्शक नसलेली एक अनुभवी व्यक्ती फक्त याच कामावर ठेवा. दिग्दर्शकाला 'नाही' म्हणणं नव्या कलाकाराला जड जातं.

तालीम आकड्यांवर करा. तीन मोजून हात खांद्यावर, दोन मोजून मान वळते, एक थांबा, मग दारावरची बेल. प्रत्येक टेक सारखा येतो, कंटिन्युइटी (एका शॉटशी दुसऱ्याचा मेळ) जुळते आणि 'थांबा' अचूक पडतो. आधी दोघं एकत्र दिसणारा सलग मास्टर (पूर्ण प्रसंगाचा शॉट) घ्या, क्लोजअप नंतर. नुसते क्लोजअप घेतले तर एकाच्या इच्छेवर दुसऱ्याची प्रतिक्रिया त्याच क्षणी दिसत नाही, आणि विनोद तिथेच तर असतो. इच्छा पूर्ण खरी खेळा. हसू तिच्या नियमांतून येऊ दे : निमंत्रणाशिवाय उंबरा ओलांडता न येणं, किंवा सांडलेले दाणे मोजत बसावं लागणं. ही दुसरी समजूत युरोपातल्या लोककथांत आहे. कोणाच्या शरीरावर विनोद नको.

सेटवर त्या वेळी चारच माणसं : दिग्दर्शक, कॅमेरा, साउंड आणि ती जबाबदार व्यक्ती. फोन बाहेर, मॉनिटर एकच. कट म्हणताच दोघांना गाऊन. अंग चिकटणाऱ्या शॉटमध्ये मध्ये फोमची पातळ उशी. चाव्याच्या शॉटला कॅमेरा चावणाऱ्याच्या डोक्यामागे, ओठ मानेपासून दोन बोटं दूर आणि भार स्वतःच्या कोपरावर. गळ्यावर दाब अजिबात नाही. खऱ्या चुंबनाच्या वेळी सुळे काढलेलेच असावेत. कलाकारांचं वय ओळखपत्रावर तपासा, आणि व्यक्तिरेखाही स्पष्टपणे प्रौढ हव्यात. ती पाचशे वर्षांची आहे एवढं म्हणून भागत नाही.

निशाचर_पटकथा :
सुळ्यांचा नियम पटकथेत घेतला. एकच शंका : चाव्याच्या वेळी ओघळ शॉटमध्येच सुरू व्हायला हवा. नळी कुठून न्यायची?

रंगपेटी :
20 मिलिलिटरची सिरिंज आणि ॲक्वेरियमची बारीक नळी. नळी नायकाच्या केसांखालून मानेच्या मागे, टोक नायिकेच्या तळहाताखाली, मेडिकल टेपने. त्याच कृतीच्या रक्तात आणखी पाव कप पाणी घाला, नाहीतर नळी तुंबते आणि जोर लावला की एकदम पिचकारी उडते. आधी सिरिंज दाबून रक्त टोकापर्यंत आणून ठेवा म्हणजे हवेचा बुडबुडा येणार नाही. ताल_आणि_तोल यांच्या मोजणीतच सिरिंजवाल्याचाही आकडा ठरवा.