रोगजंतूंच्या कल्पनेने आपले जग खरोखर बदलले का?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

विज्ञानातील मोठ्या कल्पनांनी समाजाची जगाकडे पाहण्याची दृष्टी बदलली, असे म्हटले की कोपर्निकस, न्यूटन आणि डार्विन ही नावे ठरलेल्या क्रमाने येतात. त्यांच्या थोरवीविषयी वाद नाही. पण पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कळल्याने माझ्या आजीच्या दिनक्रमात काडीचाही फरक पडला नव्हता. पाणी न उकळता दिले तर त्यातल्या जंतूंनी मूल आजारी पडते, हे मात्र ती एखादी म्हण सांगावी इतक्या सहजपणे सांगत असे. हंड्याच्या तोंडावर जुन्या धोतराची चौपदरी घडी बांधून ती पाणी गाळायची, मग उकळायची, आणि घडीवर उरलेला गाळ आम्हाला मुद्दाम दाखवायची. तिने आयुष्यात सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता. आषाढात मरीआईला नैवेद्य पाठवणेही तिने कधी चुकवले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

या कल्पनेआधी काय होते ते पाहावे. पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली की मरीआईचा गाडा निघे, तो वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडला जाई, आणि पुढचे गाव तो आपल्या शिवेपार नेऊन सोडी. शिकलेल्यांची स्थितीही फार वेगळी नव्हती, कारण युरोपातील मोठमोठे डॉक्टर कुजलेल्या पदार्थांतून उठणाऱ्या दूषित हवेलाच साथींचे कारण मानत होते. पाश्चरचे प्रयोग, रॉबर्ट कॉखने १८८२ साली दाखवलेला क्षयाचा जंतू आणि १८८४ साली कलकत्त्यात येऊन त्याने पूर्ण केलेले पटकीच्या जंतूचे काम, यांनंतर आजार म्हणजे कोणाचा कोप, कोणाचे कर्म किंवा कुठला वारा राहिला नाही. प्रत्येक आजाराला त्याचे स्वतःचे कारण मिळाले, आणि ते कारण प्रयोगशाळेत वाढवून, रंग देऊन, काचेखाली ठेवून कोणालाही दाखवता येऊ लागले.

महाराष्ट्रात या कल्पनेची कसोटी प्लेगने घेतली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. त्याचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये येर्सिनने शोधला होता. ऑक्टोबरमध्ये लस-संशोधक हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. शतकानुशतके ज्या रोगापुढे माणसे हात टेकत आली, त्याच्यावर काही महिन्यांत लस निघते, हे त्या काळातील माणसाला कसे वाटले असेल याची कल्पना करावी. माझ्या मते सामान्य माणसाच्या डोक्यात झालेली सर्वांत मोठी वैज्ञानिक क्रांती हीच होय. आपले काय मत आहे?

उलटतपासणी

लेख चांगला आहे, पण आपण जिथे थांबलात तिथूनच खरी गोष्ट सुरू होते, आणि ती आपल्या निष्कर्षाच्या विरोधात जाते.

जंतू सापडला होता हे खरे, परंतु तो माणसापर्यंत पोहोचतो कसा हे १८९७ साली सरकारला ठाऊक नव्हते. तो जमिनीत, कपड्यांत, भिंतींत आणि माणसांच्या सहवासात असतो अशा समजुतीवर सगळी मोहीम उभी राहिली. मार्च ते मे १८९७ या काळात पुण्यात प्लेग कमिशनर रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर घराघरांत शिरले. त्यांनी अंथरुणे-पांघरुणे जाळली, जमिनी उकरल्या, कार्बोलिक ॲसिड ओतले, आजाऱ्यांना रुग्णालयात आणि निरोग्यांना सेग्रिगेशन कॅम्पात नेले. या सगळ्याला आधार होता तो साथरोगांच्या नव्या कायद्याचा, जो त्याच वर्षी फेब्रुवारीत झाला होता. त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवरच्या गोळीबारात झाली, हे प्रत्येक मराठी वाचकाला माहीत आहे. मुंबईत तर त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता.

आता मौज पाहा. १८९८ च्या जूनमध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगने आजारी, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला आणि तो मरायला टेकल्यावर त्याला स्पर्शही होणार नाही अशा रीतीने जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर त्याच बरणीत सोडला. थोड्याच दिवसांत तोही प्लेगने मेला. पिसवा नसलेल्या आजारी उंदरांच्या शेजारी मात्र निरोगी उंदीर निरोगीच राहिले. याचा अर्थ पिसू हीच प्लेगची वाहक होती, आणि घराघरांत कार्बोलिक ओतून सरकार कदाचित उंदरांना शेजारच्या घरात पळवून लावत होते. सरकारी प्लेग कमिशनने सिमोंचे म्हणणे मनावर घेतले नाही, आणि मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर झालेल्या कामातून त्यावर शिक्कामोर्तब होईपर्यंत बरीच वर्षे गेली.

तेव्हा लोकांनी जो विरोध केला तो अज्ञानाचा आणि सरकारने जी बळजबरी केली ती ज्ञानाची, अशी सोयीची वाटणी कृपया करू नये. उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपडी घालायची, हे शहाणपण अनेक ठिकाणच्या लोकांकडे होते, आणि पुढे विज्ञानाने त्यालाच दुजोरा दिला. आपण जिला क्रांती म्हणता ती १८९७ साली अर्धवट ज्ञानाने भरलेली बंदूक होती.

तुळईखाली

दोघेही परदेशी नावांतच अडकले आहेत. आपल्याकडचे सोवळे-ओवळे, बाहेरून आल्यावर पाय धुणे, सुतक-सोयर यांत जंतूंचे ज्ञान नव्हते तर काय होते? पूर्वजांना सूक्ष्मदर्शकाविना जे कळले तेच पाश्चरने नव्या नावाने सांगितले.

भायखळेकर

तुळईखाली, आपला मुद्दा इतक्या वेळा मांडला जातो की त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यायला हवे.

एखादी प्रथा स्वच्छतेला उपकारक ठरणे आणि त्या प्रथेमागे रोगाच्या कारणाचे ज्ञान असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाय धुऊन घरात येणे चांगलेच. पण सोवळ्याचा विटाळ कोणाला चिकटतो ते पाहिले की त्यात जंतूंचा विचार नव्हता हे दिसते. स्वच्छ अंघोळ केलेल्या माणसाची सावली त्याच्या जन्मामुळे बाटवते, आणि त्याच विहिरीवर जनावरे पाणी पितात त्याने काही बाटत नाही, असे सांगणाऱ्या व्यवस्थेला आरोग्यशास्त्र म्हणता येणार नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही प्यायले, त्यानंतर ते तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी सनातन्यांनी १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध आणि दही त्यात ओतले. कॉखने कलकत्त्याच्या तळ्यात पटकीचा जंतू दाखवला त्याला तेव्हा त्रेचाळीस वर्षे झाली होती. पिण्याच्या पाण्यात शेण कालवून ते शुद्ध झाले असे मानणाऱ्यांना जंतू ठाऊक होते, असे आपण म्हणणार असाल तर माझ्याकडे पुढे बोलायला काही नाही.

खरे तर धागाकर्त्याच्या बाजूने महाडचा दाखला अधिक उपयोगी पडावा. कोणाचाही स्पर्श झाला तरी पाण्यातला जंतू जात विचारत नाही, ही गोष्ट जुन्या अर्थाच्या ‘शुद्धी’ला मुळातूनच हादरा देणारी आहे.

तुळईखाली

महाडचा दाखला मान्य. मात्र सगळ्या प्रथा एकाच तागडीत तोलू नयेत एवढेच माझे म्हणणे राहील. बाळंतिणीला वेगळ्या खोलीत ठेवण्यात काही शहाणपण होते.

भायखळेकर

वेगळे ठेवण्यात असेलही. पण त्या अंधाऱ्या, धुराने भरलेल्या खोलीत, घरात उरलेल्या सर्वांत जुन्या चिंध्या बाळंतिणीला देण्यातही होते का? व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ साली सेमेलवाइसने हात धुण्याचा नियम घातला तेव्हा बाळंतरोगाचे मृत्यू झपाट्याने उतरले, आणि तरी तिथले डॉक्टर त्याच्यावर उखडले. हट्टीपणाची मक्तेदारी एकट्या आपल्याकडे नाही, हे मी आपल्या समाधानासाठी सांगतो.

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

उलटतपासणी यांच्या प्रतिसादाने मला माझे विधान दुरुस्त करावे लागत आहे, मागे घ्यावे लागत नाही.

सिमोंच्या बरणीचा दाखला त्यांनी माझ्याविरुद्ध दिला, पण तो प्रयोग सुचला कसा? रोगाला निश्चित जंतू असतो, तो आपोआप उपजत नाही आणि एका देहातून दुसऱ्या देहात जायला त्याला वाट लागते, हे आधी मानल्याशिवाय ती वाट शोधायची कल्पनाच कोणाच्या मनात आली नसती. दूषित हवा मानणारा माणूस बरणीत उंदीर कशाला ठेवील? उंदीर पडले की घर सोडावे हे लोकांना अनुभवाने कळले होते, हे मी मान्य करतो. पण उंदीर का पडतात आणि घर न सोडता काय करता येईल, याचे उत्तर त्या अनुभवात नव्हते. परळच्या संशोधकांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले, तेव्हा पिसवा त्यांच्या अंगावर गोळा झाल्या आणि ते मेले, आणि पिसू शिरणार नाही अशा बारीक जाळीआड ठेवलेले गिनीपिग वाचले. हे जाळीचे ज्ञान माळावरच्या झोपडीतून आले नसते.

लोकांच्या विरोधाबद्दल आपण म्हणता ते मात्र पूर्णपणे पटते. त्यात एक भर घालतो. सोल्जर पुण्याच्या घरांत शिरण्याच्या काही दिवस आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगने वारल्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर उघडलेल्या दवाखान्यात त्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी तिथे आणले होते. टिळकांनीही ‘केसरी’तून सरकारवर टीका करीत असतानाच पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय उभे राहण्यासाठी पुढाकार घेतला. म्हणजे लोकांचा राग दवाखान्यावर नव्हता, बुटांनिशी स्वयंपाकघरात शिरणाऱ्यावर होता.

उलटतपासणी

हे मान्य. माझी एक शंका तरीही शिल्लक आहे, आणि ती आपल्या मूळ विधानाला अधिक अडचणीची आहे. आरोग्य सुधारले ते जंतूंची कल्पना पटल्यामुळेच, असे गृहीत धरता येते का?

लंडनमध्ये जॉन स्नोने १८५४ साली पटकीचे मूळ म्हणून पाण्याच्या पंपावर बोट ठेवले, पण गटारांचे प्रचंड जाळे उभे राहिले ते १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सचा वास संसदेला असह्य झाला म्हणून. वास म्हणजेच रोग, ही समजूत चुकीची होती आणि तरी गटारे योग्य ठरली. मुंबईतही तसेच आहे. प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सुधार न्यासाने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड पाडले, त्यामागे समुद्रावरचा स्वच्छ वारा दाट वस्तीत खेळवावा हाही हेतू होता. येर्सिनला जंतू सापडून चार वर्षे झाली होती आणि आपण वाऱ्यासाठी रस्ते पाडत होतो! त्यासाठी हजारो गरिबांच्या चाळी गेल्या, ते वेगळेच. आज शामलदास गांधी मार्गाने, म्हणजे जुन्या प्रिन्सेस स्ट्रीटने, मरीन लाइन्सकडे जाताना तोंडावर जो वारा येतो, तो एका फेटाळलेल्या सिद्धान्ताचा वारा आहे.

भायखळेकर

वाक्य सुरेख आहे, पण त्याच परळमध्ये जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली आणि तिलाच पुढे १९२५ साली हाफकिनचे नाव मिळाले, हेही त्याच शहरात घडले. जुनी आणि नवी कल्पना एकाच नगरपालिकेच्या हद्दीत शेजारी राहिल्या, जशी धागाकर्त्याच्या आजीच्या स्वयंपाकघरात मरीआई आणि उकळलेले पाणी शेजारी राहिले. नवी कल्पना जुनीला हाकलून देते आणि मग तिच्या जागी बसते, असे आपण दोघेही गृहीत धरत आहात. माझ्या पाहण्यात तसे होताना फारसे दिसत नाही.

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

आजीचा दाखला माझ्यावरच उलटवलात, त्याबद्दल तक्रार नाही.

मामला नावाच्या गावातील १९९४ च्या प्लेगचा प्रसंग इथे नोंदवतो. १९९३ च्या भूकंपानंतर बीड जिल्ह्यातील या गावातील लोक भीतीने घरे सोडून बाहेर राहू लागले, धान्य मात्र घरातच राहिले, आणि उंदरांचे फावले. पुढच्या ऑगस्टमध्ये उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला, आणि हे पहिल्यांदा पाहिले ते ग्रामस्थांनीच. उंदीर पडले म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. पिसवा मारायला कीटकनाशक फवारायचे, हे यंत्रणेला ठाऊक होते. यातले पहिले ज्ञान कोणाचे आणि दुसरे कोणाचे, याचा वाद उलटतपासणी यांच्याशी मी अजून घालायला तयार आहे.

उलटतपासणी

घालू या. माझी सुरुवात अशी राहील, की त्या गावकऱ्यांनी उंदीर पाहिले तेव्हा त्यांचे म्हणणे कोणी किती दिवसांनी लिहून घेतले?